२९,६३८ बाइट रिकामे: मामांचा टँडी मॉडेल १०० आणि आजचा लॅपटॉप

हर्णैहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. मामा मर्चंट नेव्हीत होते. त्यांच्या ट्रंकेत टँडी मॉडेल १०० हा छोटा कॉम्प्युटर सापडला. चार नवे पेन्सिल सेल घातल्यावर तो चक्क चालू झाला. पडद्यावर वरच्या ओळीत १ जानेवारी १९०० ही तारीख आणि खालच्या कोपऱ्यात २९६३८ बाइट मोकळे असल्याचा आकडा. मग यूएसबी-सीरियल केबल आणि पंचवीस पिनांचा जोड आणून तो लॅपटॉपला लावला, दोन्हीकडे टर्मिनल उघडलं, पण इकडचं अक्षर तिकडे जाईना. विचारलंय दोनच गोष्टींबद्दल: मामांनी बोटीवर लिहिलेलं आत काही असेल तर ते बाहेर कसं काढायचं, आणि लाइट जाते तेव्हा त्यावर लिहून ते नंतर लॅपटॉपवर कसं आणायचं.

मी रत्नागिरीत तीसेक वर्षं बोटींवरची वायरलेस, जीपीएस आणि वजनकाटे दुरुस्त करत आलोय. मॉडेल १०० माझ्याकडे दोन आहेत. एक चालतो, दुसरा त्याला अवयवदान करतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही पाठवलेल्या आकड्यातच आहे, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. ३२ किलोबाइटच्या मॉडेल १००मध्ये एकही फाइल नसेल तर मोकळी जागा नेमकी २९,६३८ बाइट दाखवतो. तिथे एक चिठ्ठी जरी असती तर आकडा खाली आला असता. १९०० सालची तारीखही तेच सांगते: मेमरी पूर्ण मेली होती आणि यंत्र कोऱ्या पाटीने उठलं. मेनूत बेसिक, टेक्स्ट, टेलकॉम वगैरे पाच नावं दिसतात ती मामांची नव्हेत, ती कारखान्यातूनच रॉममध्ये आलेली आहेत. या यंत्राला डिस्क नाही. लिहिलेलं सगळं रॅममध्ये राहतं आणि सेल काढले की आतली छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी ते सांभाळते. ३२ किलोबाइटच्या यंत्रात ती पूर्ण चार्ज असली तर साधारण आठ दिवस पुरते. तुमची ट्रंक किती वर्षं माळ्यावर होती ते तुम्हीच मोजा. तुम्ही सेल घातल्यामुळे काही पुसलं गेलं असं मात्र मनात आणू नका, ते कधीच गेलं होतं. एक वाट उरते, कॅसेटची. तिच्याबद्दल शेवटी.

आत काही नाही म्हणजे आता बिनधास्त उघडता येईल, आणि केबलीच्या मागे लागण्याआधी उघडायलाच हवा. ती निकेल-कॅडमियम बॅटरी मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते आणि या वयात ती पाझरते. १९८३ सालचं यंत्र आहे. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत तर तिचं काही खरं नसतं. बुडाचे चार स्क्रू काढा, वरचं झाकण हळूच उचला. दोन्ही भाग पट्टीच्या केबलने जोडलेले आहेत, ती ताणू नका. बॅटरीभोवती पांढरं-हिरवं पीठ दिसलं की समजा ती गेली. हा द्रव अल्कलीचा आहे, म्हणून कापसाच्या काडीवर थोडं पांढरं व्हिनेगर घेऊन पुसायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पंख्याखाली दिवसभर वाळवायचं. तांब्याची भांडी आमसुलाने लखलखीत होतात म्हणून ते बोर्डावर चोळू नका. हसू नका, एकाने आणलेला बोर्ड मी असा पाहिलाय. जुनी बॅटरी काढून तिथे ३.६ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइडची लावून घ्या. सोल्डरिंग येत नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाला पोरगा पंधरा मिनिटांत करून देईल, फक्त अधिक-उणे त्याला खडूने लिहून द्या.

अ‍ॅडॅप्टरबद्दल एक इशारा देऊनच ठेवतो. या यंत्राला ६ व्होल्ट लागतात आणि प्लगच्या मधल्या टोकाला उणे असतं. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरांत मधलं टोक अधिक असतं. घरात पडलेला कुठला तरी 'बसतोय' म्हणून खुपसू नका. तुमचं काम तसंही सेलवरच होणार आहे.

आता जोडणी. तुमच्याकडे अक्षर हलत नाही याची दोन कारणं मला इथूनच दिसतात, आणि ती दोन्ही एकदम हजर असतील अशी माझी खात्री आहे.

पहिलं सोपं. मेमरी कोरी झाल्यावर टेलकॉम, म्हणजे दुसऱ्या यंत्राशी बोलायचा आतला प्रोग्राम, आपल्या मूळ सेटिंगवर येतो, आणि ते सेटिंग असतं 'एम७आय१ई'. त्यातलं पहिलं अक्षर एम म्हणजे मोडेम. या यंत्राच्या पोटात टेलिफोन लाइनसाठीचा ३०० बॉडचा (बॉड म्हणजे इथे सेकंदाला जाणारे बिट) मोडेम आहे, आणि मोडेम व मागचं सीरियल पोर्ट एकाच चिपवर चालतात. एका वेळी एकालाच वाट मिळते. म्हणजे तुम्ही मागच्या दारात केबल लावून बसलात आणि यंत्र पुढच्या दाराशी टेलिफोनची घंटा वाजायची वाट बघतंय. टेलकॉममध्ये जाऊन एफ३ दाबा, 'स्टॅट' येईल, तिथे रोमन अक्षरांत ८८एन१ई टाकून एन्टर दाबा. वाचायचं असं: पहिला ८ म्हणजे ९६०० बॉडचा वेग, दुसरा ८ म्हणजे आठ बिटांचं अक्षर, एन म्हणजे पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट, आणि ई म्हणजे एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे 'चालू दे' आणि 'थांब' या खुणा, चालू. पहिल्या जागी ५ टाकला तर १२०० बॉड होतो, आणि तो पुढे लागणार आहे. एफ३ दाबून नुसतं एन्टर केलं की सध्याचं सेटिंग दिसतं. मी दर वेळी ते बघूनच पुढे जातो.

दुसरं कारण केबल. इथे माणसं आठवडे घालवतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सीरियलमध्ये दोन तऱ्हेची यंत्रं असतात. टोकाची, म्हणजे टर्मिनल किंवा कॉम्प्युटर, आणि मधली, म्हणजे मोडेम. सरळ केबल टोकाच्या यंत्राला मोडेमशी जोडण्यासाठी बनवलेली असते. आपण मात्र एक टोकाचं यंत्र दुसऱ्या टोकाच्या यंत्राला जोडतोय. सरळ केबल लावली तर दोघंही एकाच तारेवर बोलतात, दुसऱ्या तारेवर दोघंही कान लावून बसतात, आणि ऐकायला कुणालाच काही येत नाही. भजनात दोघेच बुवा आणि टाळकरी एकही नाही, तसं. म्हणून तारा उलटवाव्या लागतात. त्या केबलला नल मोडेम म्हणतात.

गोंधळ असा की मॉडेल १००च्या मागचं पंचवीस पिनी पोर्ट मादी आहे. मादी पोर्ट बघून माणसाला वाटतं की हे मोडेमच्या बाजूचं असणार, सरळ केबल चालेल. चालत नाही. आतून ते टोकाच्या यंत्रासारखंच वायर केलेलं आहे. वर आणखी एक गंमत: पंचवीस पिनीत बोलण्याची पिन २ आणि ऐकण्याची ३, तर तुमच्या यूएसबी केबलच्या नऊ पिनीत ऐकण्याची २ आणि बोलण्याची ३. आकडेच उलटे. त्यामुळे पंचवीसच्या २ला नऊची २ आणि ३ला नऊची ३ जोडली की तीच उलटलेली केबल होते! आणि दुकानात मिळणारा साधा नऊ-ते-पंचवीस जोड, जो आत २ला ३ जोडतो, तोच आपल्या कामाचा नाही. तुम्ही आणलेला जोड बहुधा हाच. नऊ पिनीतली पाच नंबरची जमीन (ग्राउंड) पंचवीस पिनीतल्या सातवर येते. या तीन तारा झाल्या की बोलणं सुरू होतं.

स्वतः सोल्डर करणार असाल तर आणखी चार तारा जोडून टाका, नंतर डोकं खाजवावं लागत नाही: पंचवीसची ४ नऊच्या ८ला, ५ नऊच्या ७ला, ६ नऊच्या ४ला, आणि २० नऊच्या ६ व १ या दोन्हींना. सोल्डर करायचं नसेल तर आहे त्या केबलीत एक छोटा 'नल मोडेम अ‍ॅडॅप्टर' मध्ये घाला. पण नावावर विश्वास ठेवू नका. मी मुंबईहून मागवलेल्या एकावर मोठ्या अक्षरांत नल मोडेम छापलं होतं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी मल्टीमीटरने पिन-पिन तपासली तेव्हा कळलं की तो नुसता नर-मादी बदलणारा जोड होता, आत सगळं सरळ.

म्हणून मल्टीमीटर. तीनशे-चारशे रुपयांचा साधा असला तरी चालतो. सीरियल लाइन गप्प असते तेव्हा बोलणाऱ्या पिनवर उणे व्होल्ट असतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर पिनांचे तक्ते पाठ करायला नकोत. मॉडेल १०० टेलकॉमच्या टर्ममध्ये, म्हणजे टर्मिनलमध्ये (एफ४) ठेवा, मीटरची काळी सुई पिन ७वर, लाल सुई पिन २वर. उणे पाचच्या आसपास दिसलं पाहिजे. शून्य दिसलं तर एक तर यंत्र अजून मोडेमवर आहे किंवा पोर्टची चिप गेलीय. आता यूएसबी केबलीचं नऊ पिनी टोक, काळी ५वर, लाल ३वर, लॅपटॉपवर पोर्ट उघडलेलं असताना. इथेही उणे काहीतरी, बहुधा पाच ते नऊच्या दरम्यान. मग सगळं जोडून पुन्हा मोजा. जोड बरोबर असेल तर बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या दोन्ही तारांवर उणे व्होल्ट असतात. एकीवर उणे आणि दुसरीवर शून्य दिसलं तर दोघं एकाच तारेवर बोलतायत. कुठलंही सॉफ्टवेअर न उघडता अर्ध्या मिनिटात निकाल लागतो.

यूएसबीच्या बाजूने एक घोटाळा सर्रास होतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारं, चार-सहा उघड्या पिनांचं छोटं बोर्ड अर्डुइनोसाठी असतं. त्यावर शून्य ते पाच किंवा शून्य ते ३.३ व्होल्टच असतात आणि तर्कही उलटा असतो. ते मॉडेल १००ला थेट जोडायचं नाही. मध्ये व्होल्ट बदलून देणारी मॅक्स३२३२सारखी चिप हवी. तुम्ही घेतलेली नऊ पिनी टोक असलेली केबल मात्र योग्य जातीची आहे. नवी घ्यायची वेळ आलीच तर एफटीडीआय चिपची घ्या. प्रोलिफिक कंपनीच्या जुन्या चिपच्या नकला बाजारात खूप आहेत आणि विंडोजचा ड्रायव्हर त्या ओळखून चालवायला नकार देतो.

मीटर नसेल तर सेफ्टी पिन घ्या. यूएसबी केबलच्या टोकाला २ आणि ३ पिना एकमेकींना टेकवून लॅपटॉपवर टाइप करा. टाइप केलेलं परत दिसलं तर केबल, ड्रायव्हर, पोर्टचा नंबर सगळं ठीक. मग मॉडेल १००च्या मागे २ आणि ३ टेकवून टर्ममध्ये टाइप करा. अक्षर एकदा दिसलं तर उत्तम. दोनदा दिसलं तर एफ४ने 'हाफ' ऐवजी 'फुल' करा. दोन्ही यंत्रं आपापल्या घरात बोलतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, तर दोष मधल्या केबलीत.

आणि कोकणात हा दोष बऱ्याचदा तांब्याचा असतो. पितळेच्या भांड्यात दही कळकतं, तशा पिनाही कळकतात. मिरकरवाड्याला एका ट्रॉलरवर जीपीएसचा डेटा लॅपटॉपवर येईना; जीपीएस ४८०० बॉडवर बोलतं, तेही तपासलं, ड्रायव्हर दोनदा टाकून झाला. शेवटी टेप सोलली तर आतली तार दोऱ्यासारखी तुटून हातात आली, हिरवी पूड होऊन. तुमच्या पंचवीस पिनी पोर्टात गेल्या तीसेक वर्षांत कुणी काही घातलेलं नसणार. अल्कोहोलने पुसा, जोड दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, घासून वरचा थर निघतो. तेल घालू नका.

जोडताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, चार्जर काढून. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, मे महिन्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं हे तुम्हाला माहीत असेलच. दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपच्या कडेला हात लावला की मुंग्या येतात, तेच व्होल्ट या चाळीस वर्षांच्या चिपकडे कशाला पाठवायचे?

आता प्रत्यक्ष पाठवणं. लॅपटॉपवर 'तेरा टर्म' (Tera Term) हा टर्मिनल प्रोग्राम वापरा, त्यात एक सोय आहे जी पुढे लागेल. वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल एक्सऑन-एक्सऑफ. लॅपटॉपवर लॉग फाइल सुरू करा. मॉडेल १०० टर्ममध्ये, तिथे एफ३ म्हणजे 'अप' (फाइल पाठवणं), फाइलचं नाव द्या. मग रुंदी विचारतो, तिथे काही न लिहिता एन्टर. आकडा दिलात तर तो तिथे ओळी तोडतो आणि परिच्छेदाचे तुकडे जोडत बसावं लागतं. ९६००वर सेकंदाला ९६० अक्षरं जातात, म्हणजे यंत्र काठोकाठ भरलेलं असलं तरी अर्ध्या मिनिटाचं काम. झालं की एफ८, आणि डिस्कनेक्ट करायचं का विचारलं की वाय. लॅपटॉपवर सगळा मजकूर एका लांबलचक ओळीत दिसला तर घाबरू नका. मॉडेल १०० ओळीच्या शेवटी फक्त कॅरेज रिटर्न पाठवतो, लाइनफीड नाही. नोटपॅड++मध्ये ओळीच्या शेवटाचा प्रकार बदलला की सरळ होतं.

उलट दिशा मात्र खट्याळ आहे. लॅपटॉपकडून मॉडेल १००कडे ९६००ने पाठवलं की मधली मधली अक्षरं गळतात आणि माणूस केबलला शिव्या देतो. मॉडेल १००ची येणारी अक्षरं ठेवायची जागा ६४ बाइटांची आहे आणि त्याचा पडदा आठ ओळींचा, वर सरकवायला वेळ लावणारा. जागा भरत आली की तो 'थांब' म्हणून एक्सऑफ पाठवतो. जुन्या काळच्या कॉम्प्युटरचं सीरियल पोर्ट तिथल्या तिथे थांबायचं. यूएसबी केबलीच्या पोटात मात्र निघालेला माल आधीच भरलेला असतो. 'थांब' ऐकायला येईपर्यंत तो सगळा येऊन पडतो आणि ६४च्या वरचं सांडतं. एसटी सुटल्यावर कंडक्टरने बेल मारली तरी गाडी चार पावलं पुढे जातेच, तसं. उपाय सोपा आहे. या दिशेला १२०० बॉड घ्या, म्हणजे ५८एन१ई, आणि तेरा टर्ममध्ये सीरियलच्या सेटिंगात प्रत्येक ओळीनंतर थोडा थांबा द्या, शंभर-दोनशे मिलिसेकंद. मॉडेल १००वर एफ२ 'डाउन' दाबून फाइलचं नाव द्या, लॅपटॉपवरून फाइल सोडा, संपली की पुन्हा एफ२ दाबून फाइल बंद करा. भरलेल्या यंत्राला चार मिनिटं लागतात. चहा करून घ्या.

हे रोजचं काम होणार असेल तर लॅपटॉपलाच टँडीचा जुना डिस्क ड्राइव्ह असल्याची बतावणी करायला लावणारे प्रोग्राम आहेत, लॅडीअल्फा किंवा डीएल-प्लस. पण आधी वरची साधी वाट चालू द्या. केबल चुकीची असेल तर ती त्यांनाही चुकीचीच राहते.

मराठीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. या यंत्राला देवनागरी येत नाही. लॅपटॉपवरची देवनागरी फाइल त्याला पाठवली तर एकेका अक्षराचे तीन-तीन बाइट जातात आणि पडद्यावर रांगोळी उमटते. वर्डमधली वळणदार अवतरणचिन्हंसुद्धा तशीच फुटतात. साधी टेक्स्ट फाइलच पाठवा. मी त्यावर रोमन अक्षरांत मराठी लिहितो आणि लॅपटॉपवर आणल्यावर देवनागरी करून घेतो. सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, मग बोटं सरावतात. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तुमच्याकडे दापोली-मंडणगडात कित्येक गावांना आठवड्यांमागून आठवडे लाइट नव्हती. चार पेन्सिल सेलवर हे यंत्र वीसेक तास चालतं. रोज दोन तास लिहिलंत तर दहा दिवस. कीबोर्ड आजच्या कुठल्याही लॅपटॉपपेक्षा चांगला आहे, हे मी वादाला तयार राहून म्हणतो. एकच पथ्य: पावसात लिहिलेलं आठवड्याच्या आत लॅपटॉपवर काढून घ्या आणि सेल बदलायचे असतील तेव्हा आधी यंत्र बंद करा. बुडाचा मेमरी पॉवरचा छोटा स्विच कुणी हौसेने बंद करणार नाही हेही बघा, सगळं जाईल.

आता कॅसेट. मॉडेल १०० लिहिलेलं साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवू शकतो, आणि बोटीवर महिनोन् महिने असणाऱ्या माणसाने ते केलं असण्याची शक्यता बरीच आहे. ट्रंकेत एका टोकाला आठ पिनांचा गोल प्लग आणि दुसऱ्या टोकाला टेपरेकॉर्डरचे तीन प्लग अशी वायर आहे का बघा. ती असेल तर कॅसेटही कुठेतरी असणार, आणि तिच्यावर गाण्याचंच नाव लिहिलेलं असू शकतं. वाजवल्यावर जुन्या फॅक्ससारखी कर्कश किरकिर ऐकू आली तर तीच. पण लगेच वाजवू नका. खिडकीतून रीळ उजेडात बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट कुठल्याही प्लेअरमध्ये घालायची नाही, हेडवर घासून टेप कायमची जाते. स्वच्छ असेल तर पेन्सिलीने एकदा हाताने पुढे-मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतील. मग चांगल्या प्लेअरवर एकदाच वाजवा आणि त्याच वेळी लॅपटॉपवर वेव्ह फाइल म्हणून रेकॉर्ड करा. एमपी३ नको, त्यात बारीक तपशील दाबले जातात. एकदा वेव्ह हातात आली की तीच लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून मॉडेल १००ला कितीही वेळा ऐकवता येते: टेक्स्टमध्ये नवी फाइल उघडून एफ२ 'लोड', आणि आवाज पाऊणच्या आसपास. पहिल्या खेपेस चूक आली तर आवाज थोडा कमी-जास्त करून पुन्हा. मला एकदा सातव्या खेपेस जमलं.

तेव्हा ट्रंक पुन्हा एकदा रिकामी करा. तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखालीसुद्धा बघा.